कॅनडाच्या गाणाऱ्या लेकी

आमच्या घाटकोपरच्या वस्तीत पाणी पहाटे साडेपाचला येते आणि पाण्याच्या पाठोपाठ आमच्या पुतणीचा आवाज येतो. हंडे भरता भरता ती गाते. बारावी झालेली, उंचीने बापावर गेलेली पोर. गळ्याने कोणावर गेली हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. सासूबाई म्हणतात माझ्यावर. तिच्या आईच्या माहेरचे म्हणतात, आमच्याकडे सात पिढ्या गाणे आहे. ते असो. परवा पिंपावर झाकण ठेवता ठेवता ही पोर जे गाऊ लागली ते इंग्रजी होते. 'टायटॅनिक' सिनेमातले. मोरीपाशी बसलेल्या सासूबाईंनी विचारले, "ही कोण गं बाई? इंग्लंडची का?"

"नाही आजी. सेलीन डिऑन. कॅनडाची."

"अन् काल लावली व्हती ती?"

"ती शनाया ट्वेन. तीपण कॅनडाची."

"अन् ती भांडल्यावाणी गाती ती?"

"अलानिस मॉरिसेट. कॅनडाच."

"समद्या तिथल्याच कशा गं?"

पुतणीला उत्तर देता आले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हालाही आले नाही. कॅनडा नकाशावर केवढा थोरला दिसतो, पण माणसे सगळी मिळून चार कोटींच्या आसपास. आपल्या एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २३ लाखांवर होती. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीही माणसे नसलेल्या देशातून जगभर ऐकल्या जाणाऱ्या इतक्या गायिका निघतात, आणि आमच्या गल्लीतली पोर १४ एप्रिलला दोन गाणी म्हणायला उभी राहते तर तिला एकच म्हणू देतात!

ही गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण हा लेख लिहायला आम्ही बसलो तो तिच्यामुळेच. यंदाच्या जयंतीला एका ठिकाणी तिचे नाव कार्यक्रमपत्रिकेत होते. महिनाभर तालीम झाली होती, निळ्या काठाची साडी आणली होती. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. मग स्वागत, हार, शाली, भाषणे. त्यानंतर बाहेरून बोलावलेली गायनपार्टी बसली. मुलींचा नंबर लागला तेव्हा घड्याळात पावणेदहा झाले होते, आणि दहाला स्पीकर बंद करावाच लागतो. तिने एक गाणे घाईघाईने म्हटले. दुसऱ्याचे तोंड सुरू झाले आणि माईक गेला. घरी येऊन ती काही बोलली नाही, साडीची घडी घालून ठेवली. तिचे वडील, म्हणजे आमचे धाकटे दीर, एवढेच म्हणाले, "बरं झालं, एकदाचं कळलं. आता नर्सिंगचा फॉर्म भर."

नर्सिंगला आमचा विरोध नाही. आमच्या समाजातल्या किती मुलींनी त्या पांढऱ्या कपड्यांवर घरे उभी केली ते आम्ही पाहिले आहे. पण सासूबाईंचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग आम्ही पुतणीला सांगितले, तू तुझ्या मोबाईलमध्ये शोध, आम्ही आमच्या पद्धतीने पुस्तके आणि जुनी कात्रणे पाहतो, आणि बघू ह्या बायका आल्या कुठून.

चौदावे अपत्य

'टायटॅनिक' मुंबईत आला तो १९९८ साली. आम्ही तेव्हा नव्यानेच लग्न होऊन घाटकोपरला आलो होतो. आदल्या वर्षीच्या ११ जुलैला रमाबाई आंबेडकर नगरात जे झाले त्याचा सुन्नपणा वस्तीतून गेला नव्हता. गोळीबारात दहा जण गेले आणि चार दिवसांनी मुलुंडचे शाहीर विलास घोगरे गेले. आमचे हे वर्षभर घरात गाणे लावू देत नव्हते. अशा त्या दिवसांत ह्या सिनेमाचे गाणे मात्र कोठूनही कानावर यायचे. रिक्षात, सलूनमध्ये, आणि त्या उन्हाळ्यातल्या वरातींत तर बँडवाल्यांनी ते क्लॅरिनेटवर बसवले होते. जहाज बुडतानाचे गाणे नवरदेवाच्या घोड्यापुढे! कोणाला त्याचे काही वाटले नाही, चाल गोड होती. इंग्रजी कॅसेट घ्यायला शिकलेली मंडळी फोर्टात रिदम हाऊसला जायची. ते दुकान २०१६ साली बंद झाले.

हे गाणे गाणारी सेलीन डिऑन १९६८ साली क्युबेक प्रांतातल्या शार्लमाँ गावी जन्मली. चौदा भावंडांतली शेवटची. घरची भाषा फ्रेंच. आईवडील गाणे-वाजवणे जाणणारे, पुढे त्यांनी एक छोटे खाणावळवजा गाण्याचे ठिकाण चालवले. तिथे ही मुलगी लहानपणापासून गाई. बारा वर्षांची असताना आईने आणि भावाने मिळून तिच्यासाठी एक गाणे रचले, ते टेप केले आणि रने आँजेलील नावाच्या व्यवस्थापकाकडे पाठवले. त्याने मुलीला बोलावून ऐकले आणि तिची पहिली तबकडी काढण्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकले. ती तबकडी १९८१ ला निघाली. पुढे त्यांचे लग्न झाले, त्यावर लोकांनी बरेच बोलून घेतले. तो विषय आमचा नाही.

आमचे लक्ष गेले ते दुसऱ्याच गोष्टीवर. सेलीनला इंग्रजी येत नव्हते. १९८८ साली युरोपातली मोठी गाण्याची स्पर्धा तिने जिंकली ती फ्रेंच गाण्यावर. मग मोठ्या वयात, शिकवणी लावून ती इंग्रजी शिकली आणि पहिली इंग्रजी गाण्यांची ध्वनिमुद्रिका १९९० ला आली. सात-आठ वर्षांत तिचे इंग्रजी गाणे आमच्या घाटकोपरच्या बँडवाल्यापर्यंत! मराठी माध्यमातून बारावी झालेल्या आमच्या पुतणीने हा भाग दोनदा वाचायला लावला.

आणखी एक. 'टायटॅनिक'चे ते गाणे गायला सेलीन आधी तयार नव्हती. दिग्दर्शकालाही सिनेमात गाणे नको होते. संगीतकार जेम्स हॉर्नर यांनी नुसता नमुना म्हणून तिच्याकडून एकदा गाऊन घेतले. त्या एका दमात गायलेला आवाजच पुढे कायम राहिला. वाद्ये नंतर भरली, आवाज बदलला नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, शेवटी तिचे काम पडणार आहे.

२०२२ च्या डिसेंबरात तिने जाहीर केले की आपल्याला स्नायू ताठरण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, गळ्यावरही त्याचा परिणाम झाला आहे. सगळ्यांना वाटले, झाले. तरी २६ जुलै २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात ती आयफेल टॉवरवरून गायली. आमच्या सासूबाईंनी तो तुकडा मोबाईलवर पाहिला. त्यांचे म्हणणे, "दुखनं घिऊन उभी ऱ्हायली, बघा."

मध्यरात्री उठवलेली मुलगी

पण आम्हाला खरे बांधून ठेवले ते शनाया ट्वेनने. तिचे मूळ नाव आयलीन. जन्म १९६५, विंडसर गावचा, वाढली ऑन्टारियोच्या उत्तरेला टिमिन्स ह्या सोन्याच्या खाणींच्या गावात. आईने दुसरे लग्न केले ते जेरी ट्वेन यांच्याशी. ते ओजिब्वे ह्या तिथल्या मूळच्या आदिवासी जमातीचे. त्यांनी मुलींना दत्तक घेतले, आपले नाव दिले. घरात कमालीची गरिबी, आणि भांडणे, मारहाणही. शनायाने २०११ साली आत्मचरित्र लिहिले, त्यात हे सारे आले आहे. शाळेत डबा नेण्यासारखे काही नसायचे आणि ते लपवावे लागायचे, हे तिने लिहिले आहे. हे वाचताना आमचे हे मध्येच उठून बाहेर गेले. त्यांच्याही शाळेत मधली सुट्टी म्हणजे नळाचे पाणी होते.

आठ वर्षांच्या ह्या मुलीला आई मध्यरात्री झोपेतून उठवायची आणि गावच्या दारूच्या अड्ड्यात गायला न्यायची. दारू विकणे बंद झाल्यावरच लहान मुलाला आत सोडायला कायद्याने मुभा, म्हणून ती वेळ. आपल्याला हे ऐकून राग येतो, आम्हालाही आला. पण त्या आईला दुसरा कोणता रंगमंच माहीत होता? चार पैसे मिळायचे, त्यात घरातले काही तरी भागायचे. थोडी मोठी झाल्यावर शनाया हॅम्बर्गरच्या दुकानात कामाला लागली, उन्हाळ्यात सावत्र वडिलांच्या टोळीबरोबर जंगलात झाडे लावायला जाऊ लागली.

१९८७ च्या नोव्हेंबरात आईवडील दोघेही मोटार अपघातात गेले. लाकडे वाहणाऱ्या ट्रकशी टक्कर झाली. शनाया बावीस वर्षांची, मागे तीन धाकटी भावंडे. तिने गाण्यातले मोठे बेत गुंडाळले, भावंडांना घेऊन हंट्सविल गावी गेली आणि तिथल्या एका पर्यटकांच्या हॉटेलात रोज रात्री ठरलेल्या पगारावर गाऊ लागली. भावंडे पायावर उभी राहिल्यावरच ती अमेरिकेतल्या नॅशव्हिलला गेली. १९९७ साली तिचा 'कम ऑन ओव्हर' हा गाण्यांचा संग्रह निघाला. जगभर मिळून त्याच्या चार कोटींच्या घरात प्रती गेल्या. एकट्या गायिकेचा इतका खपलेला संग्रह दुसरा नाही असे मानतात.

दिरांना आम्ही हे मुद्दाम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "हॉटेलात पगार होता ना? मग तेच म्हणतोय मी. आधी पगार." त्यांचे हे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही.

जाते आणि बर्फ

ओजिब्वेचे नाव निघाले म्हणून सांगतो. कॅनडा म्हटले की आपल्या लोकांना अलीकडे एक जिव्हाळा वाटतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२१ साली १४ एप्रिल हा बाबासाहेबांच्या नावाने समता दिन म्हणून जाहीर केला, तेव्हा आपल्याकडेही पेढे वाटले गेले. पण त्याच देशात मूळच्या आदिवासींची दीड लाखांवर मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबली गेली. आपली भाषा बोलले तर शिक्षा. शेवटची अशी शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली, आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती ११ जून २००८ ला.

त्या लोकांतूनही गायिका आल्या. सुझन अग्लुकार्क ही इनुइट, म्हणजे अगदी उत्तरेच्या बर्फातल्या लोकांतली. तिची १९९५ ची गाणी कॅनडाभरच्या रेडिओवर पहिल्या रांगेत वाजली. इनुइट माणसाला तो मान तोवर मिळाला नव्हता. दुसरी तान्या टागाक. तिची गोष्ट आणखी वेगळी. इनुइट बायकांचा एक खेळ आहे. पुरुष शिकारीला गेले की दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचे दंड धरतात आणि गळ्यातून, श्वासातून आवाज काढतात. एकीने टाकलेला आवाज दुसरीने झेलायचा. जिला आधी हसू फुटेल किंवा दम लागेल ती हरली. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे गाणे बंद पाडले होते. तान्या शिकायला दूर शहरात गेली तेव्हा तिला घरची आठवण येऊ लागली. आईने ह्या गाण्याच्या टेप पाठवल्या. त्या ऐकून ती शिकली, पण समोर दुसरी बाई नव्हती म्हणून एकटीच दोघींचे गाऊ लागली. २०१४ साली कॅनडातले पोलारिस हे मोठे संगीत पारितोषिक तिला मिळाले.

पुतणीने दोन इनुइट बायकांचा असा खेळ सासूबाईंना दाखवला. आम्हाला वाटले त्या हसतील. त्यांनी मोबाईल हातात घेतला, पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "हे तर जातं हाय." आम्ही समजलो नाही. त्यांनी पुतणीला समोर बसवले, तिचा हात धरला आणि मधे खुंटा असल्यासारखा गोल फिरवू लागल्या. एकीने ओवी टाकायची, दुसरीने उचलायची, दळणात खंड पडू द्यायचा नाही. सासूबाई बीड जिल्ह्यातून ७२ च्या दुष्काळात मुंबईला आल्या. जाते गावाला राहिले, ओव्या बरोबर आल्या. पण गिरणीतून दळण आणणाऱ्या मुंबईत त्या कोणासमोर म्हणायच्या? वीसेक वर्षे त्यांनी म्हटल्याच नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी तेरा म्हटल्या. बाबासाहेबांच्या पाच, भावाच्या चार, बाकीच्या सासूच्या तक्रारी. पुतणीने सगळ्या मोबाईलवर टेप करून घेतल्या.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. सासूबाईंच्या तेरांतल्या काही कदाचित त्यांत असतील, काही नसतील.

एका वादाचाही उल्लेख केला पाहिजे. बफी सेंट-मेरी ह्या नावाच्या जुन्या, मोठ्या गायिका, ऑस्कर मिळालेल्या, साठ वर्षे आदिवासी म्हणून ओळखल्या गेल्या. २०२३ साली कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेने त्यांचा अमेरिकेतला जन्मदाखला पुढे आणला आणि त्या आदिवासी वंशाच्या नाहीत असे म्हटले. आपण कोणाला फसवले नाही, एका आदिवासी कुटुंबाने आपल्याला मुलगी मानले आहे असे त्यांचे म्हणणे. २०२५ साली त्यांचा राष्ट्रीय सन्मान आणि काही पारितोषिके काढून घेण्यात आली. बनावट जातप्रमाणपत्रांचे खटले ज्यांनी आपल्याकडे पाहिले आहेत त्यांना ह्यात किती बाजू असतात ते ठाऊक आहे. आम्ही निकाल देत नाही.

रेडिओवरच्या राखीव जागा

आता सासूबाईंचा मूळ प्रश्न. समद्या तिथल्याच कशा?

एक उत्तर असे सापडले की ते वाचून आमचे हे जागेवरून उठले आणि म्हणाले, "हे छापच."

कॅनडाच्या शेजारी अमेरिका. भाषा एक, सीमा उघडी. कॅनडातल्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ अमेरिकेचीच गाणी वाजत. कॅनडाची मुलगी गायची, पण तिला तिच्याच गावचा रेडिओ लावत नसे. तबकडी आधी अमेरिकेत गाजली तर मग इथे वाजणार. तेव्हा १९७१ च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारी नियामक मंडळाने नियम केला की रेडिओ केंद्रांनी वाजवलेल्या गाण्यांपैकी ३० टक्के कॅनडाची असलीच पाहिजेत. गाणे कॅनडाचे कसे ठरवायचे, तर चार गोष्टी पाहायच्या : चाल कोणाची, गायले कोणी, ध्वनिमुद्रण कोठे झाले आणि शब्द कोणाचे. चारांपैकी दोन कॅनडाच्या असल्या की झाले. १९९९ साली हे प्रमाण ३५ टक्के केले. फ्रेंच भाषेच्या केंद्रांना तर गाण्यांपैकी ६५ टक्के फ्रेंच वाजवावी लागतात.

म्हणजे राखीव जागाच की! आणि केंद्रांचे मालक काय म्हणाले असतील ते वाचकांनी ओळखले असेलच. दर्जा घसरेल. ऐकणारे पळतील. इतकी चांगली गाणी आहेतच कोठे? ही वाक्ये आपल्याला पाठ आहेत, फक्त ती गाण्यांबद्दलही ऐकू येतात हे ठाऊक नव्हते.

नियम झाला तर त्यातून पळवाटही निघाली. काही केंद्रे कॅनडाची गाणी रात्री उशिरा किंवा पहाटे, कोणी ऐकत नसताना एकगठ्ठा वाजवून कोटा पुरा करीत. बीव्हर हा नदीत बांध घालणारा प्राणी कॅनडाचे चिन्ह, म्हणून त्या वेळेला थट्टेने 'बीव्हरचे तास' म्हणत. पुढे मंडळाला नियमात वेळही घालावी लागली, की सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ह्या वेळेतही हे प्रमाण राहिले पाहिजे. आमच्या पुतणीने हे ऐकून एवढेच म्हटले, "काकू, पावणेदहाला." आणि आम्ही कागद खाली ठेवला.

त्या नियमाआधी अ‍ॅन मरे ही कोळशाच्या खाणींच्या स्प्रिंगहिल गावची, शाळेत व्यायाम शिकवणारी बाई १९७० साली एका गाण्यावर अमेरिकेतही गाजली होती. नियमानंतरच्या पिढीत मुली घरच्या रेडिओवर घरच्या मुलींचे गाणे ऐकत वाढल्या. सगळे श्रेय नियमाला द्यावे असे आम्ही म्हणत नाही. शनायाचे कष्ट कोणत्या मंडळाने केले? पण ज्याला आपला आवाज सकाळी नऊला ऐकू येतो तो माणूस आणि ज्याला येत नाही तो, ह्यांत फरक पडतोच. आपल्याकडे सरकारने रेडिओवर हुकूम चालवला तो उलट्या दिशेने. १९५२ साली केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय तेवढे चांगले. लोक रेडिओ सिलोन लावू लागले, आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली.

कॅनडाच्या नियमात बायकांसाठी मात्र वेगळे काही नव्हते. दोन बायकांची गाणी लागोपाठ वाजवायची नाहीत अशी कित्येक केंद्रांची रीत होती. बायकांचेच कार्यक्रम ठेवले तर तिकिटे जात नाहीत असे ठेकेदार सांगत. हॅलिफॅक्सची सेरा मॅक्लाक्लन हे ऐकून कंटाळली आणि १९९७ च्या जुलैत तिने 'लिलिथ फेअर' नावाचा फिरता जलसाच काढला. गाणाऱ्या सगळ्या बायका किंवा बायकांच्या पार्ट्या. तीन उन्हाळे तो गावोगाव फिरला, मैदाने भरली, आणि एक कोटी डॉलरवर रक्कम स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना गेली. तिने व्हँकूव्हरला मुलांसाठी मोफत संगीतशाळाही काढली. आमच्या महिला मंडळाने ही कल्पना ऐकून पुढच्या जयंतीच्या आदल्या संध्याकाळी फक्त बायकांच्या गायनाचा कार्यक्रम ठेवायचे ठरवले आहे. अध्यक्ष नाही, पाहुणे नाहीत. हार आणायचा खर्च वाचेल.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डाव्या हातात जोर राहिला नाही, म्हणून तिने गिटारच्या तारा स्वतःच्याच पद्धतीने लावल्या आणि त्यातून तिचे वेगळे संगीत निघाले. १९६५ साली लग्नाआधी मुलगी झाली. समाजाची भीती आणि हातात पैसा नाही, म्हणून दत्तक द्यावी लागली; ती १९९७ ला पुन्हा भेटली. बाई ऐंशीच्या असताना, २०२४ ला, खुर्चीत बसून ग्रॅमीच्या मंचावर गायल्या. ऑटावाच्या अलानिस मॉरिसेटला तोच ग्रॅमीचा सर्वांत मोठा मान १९९६ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी मिळाला. आमच्या सासूबाई म्हणतात त्या भांडल्यावाणी गाण्यांच्या संग्रहावर! एवढे मोठे यश अंगावर आल्यावर ती सगळे सोडून आईला आणि नातेवाईक बायकांना घेऊन भारतात आली, आणि १९९८ च्या एका गाण्यात तिने ह्या देशाचे आभार मानले आहेत. नेली फुर्टाडोचे आईवडील पोर्तुगालच्या बेटांवरून आलेले. आई मोटेलात खोल्या झाडायची आणि सुट्टीत मुलगीही तिच्याबरोबर जायची.

घाटकोपर ते अंधेरी

कॅनडातून उलट मुंबईला आलेलीही एक आहे. जोनिता गांधी दिल्लीला जन्मली, तान्ही असताना आईवडील टोरांटोच्या बाजूला गेले, तिथेच वाढली. वडील इंजिनियर, हौसेने गाणारे. तिने तिथल्या विद्यापीठात व्यवसायाचे शिक्षण पुरे केले, इंटरनेटवर गाणी टाकत राहिली आणि मग मुंबईत आली. 'चेन्नई एक्सप्रेस'चे २०१३ चे शीर्षकगीत तिने एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्यासोबत गायले. पुढे हिंदीत, तमिळमध्ये कितीतरी. दिरांनी लगेच बोट ठेवले, "बघा, आधी डिग्री." खरे आहे. पण आमच्या उपनगरातही सगळ्यांचे असे झालेले नाही. फाल्गुनी पाठक घरच्यांचा विरोध पत्करून लहान वयात रंगमंचावर गेल्या, १९९८ नंतर त्यांची पॉप गाणी घरोघर वाजली, आणि पुढे बोरिवलीच्या नवरात्रात त्यांच्यासाठी मैदान भरू लागले. आमच्याच समाजातल्या औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गायल्या आणि मोबाईलमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाल्या.

गेल्या आठवड्यात पुतणीला ओळखीतून एक बोलावणे आले. अंधेरीच्या एका स्टुडिओत मराठी गाण्याचे स्क्रॅच गायचे. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याचा कच्चा नमुना आधी कोणाकडून तरी गाऊन घेतात, तो निर्मात्याला ऐकवतात, आणि पसंत पडला की नावाजलेल्या गायिकेकडून पक्के गाणे करतात. नमुना गाणारीचा आवाज पुसला जातो. अंधेरी-ओशिवऱ्याकडे कित्येक मुली हेच काम करतात. पैसे थोडे, नाव नाही.

दीर म्हणाले, पुसायचेच आहे तर गायचे कशाला. पुतणी म्हणाली, सेलीन डिऑनचा नमुनाच राहिला ना. दीर म्हणाले, ती चौदावी होती, तू एकुलती एक आहेस. शेवटी ठरले की नर्सिंगचा फॉर्म भरून मग जायचे. फॉर्म भरला. पावती सासूबाईंच्या पेटीत आहे.

आम्ही तिच्याबरोबर गेलो. पूर्वी घाटकोपरहून अंधेरीला जायचे म्हणजे दादरला उतरून गाडी बदला नाहीतर बसमध्ये दीड तास लोंबकळा. २०१४ ला मेट्रो झाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत होते. पोर वाटभर गप्प होती, ओठ तेवढे हलत होते. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. चपला बाहेर. काचेपलीकडे तिला उभे केले, कानाला हेडफोन. आम्हाला आधी काहीच ऐकू येईना, नुसते तोंड हलताना दिसले. मग यंत्रावर बसलेल्या मुलाने आवाज मोठा केला. तीन वेळा घेतले. तिसऱ्यांदा तो मुलगा घड्याळ पाहायचा थांबला.

संपल्यावर त्याने संगणकात फाईल ठेवली आणि वर लिहिले, 'फीमेल स्क्रॅच दोन'. पुतणी घाम पुसत बाहेर आली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "दादा, नाव टाकता का?"

"कुणाचं?"

"माझं."

तो म्हणाला, "ते नंतर पुसतात ताई." तिने काही न बोलता आपले नाव सांगितले. आधी स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलवली. मग त्याने दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत ते टाईप केले.